पंप मोठा आणला, पाईप तोच ठेवला: गोंदियातल्या खाऱ्या टँकची गोष्ट

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, आणि आकडे नीट वाचता यावेत म्हणून लिहून काढले आहेत.)

आज विषय जरा वेगळा आहे. गोंदियात राहून समुद्र पाळण्याचा.

हसू नका. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून निघते आणि आपल्या गोंदियाला येऊन संपते. म्हणजे आपल्यापासून अरबी समुद्र हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, तिथे समुद्र रस्ता ओलांडला की होता. आपल्याकडे समुद्र पोत्यातून येतो. एक लिटर आरओ पाण्याला साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि तेही खास मत्स्यालयाचं, स्वयंपाकघरातलं नाही. माझा टँक चार फुटी आहे: १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे दुसरी लहान टाकी, जिच्यात फिल्टर, स्किमर, हीटर वगैरे सगळं लपवलेलं असतं. दगड, वाळू वजा करून वर १९० लिटर आणि खाली ६०, असं सगळं मिळून अडीचशे लिटर पाणी. दोन क्लाऊनफिश, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप आणि थोडे मऊ प्रवाळ.

गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय: "दादा, पाणी कमी फिरतंय, कोणता पंप घेऊ?" मीही हाच प्रश्न विचारला होता, आणि चुकीचा प्रश्न होता तो. त्यापायी घरात एक रात्र अशी आली की त्यानंतर आईने चार दिवस त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. ते सांगतो, पण आधी पंपाचं.

डब्यावरचा आकडा

सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये ढकलतो तो रिटर्न पंप. माझा जुना पंप २००० लिटर तासाला, असं डब्यावर लिहिलेलं. ३५ वॅटचा. मला वाटायचं, टँकमध्ये १९० लिटर आहे, म्हणजे तासाला दहा वेळा पाणी फिरतंय. मस्त.

मग एक दिवस बादली लावून मोजलं. ही चाचणी तुम्हीही आज करा, फुकट आहे: पाईपचं वरचं तोंड दहा लिटरच्या बादलीत सोडायचं, तोंडाची उंची नेहमीइतकीच ठेवायची, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच. ३६००० ला सेकंदांनी भागलं की तासाचे लिटर मिळतात. माझी बादली भरायला ५५ सेकंद लागले. म्हणजे तासाला ६५० लिटर! दोन हजार कुठे, साडेसहाशे कुठे.

मी दुकानदाराला दोष दिला, मनातल्या मनात. पण तो खोटं बोलत नव्हता. डब्यावर दोन आकडे असतात. एक क्यू-मॅक्स, म्हणजे पाणी अजिबात वर चढवायचं नसेल, पाईपही नसेल, तेव्हा किती वाहील. दुसरा एच-मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत चढेल, आणि त्या उंचीला प्रवाह शून्य. आपण सगळे पहिला आकडा वाचतो. दुसरा वाचत नाही. माझ्या पंपाचा एच-मॅक्स २ मीटर होता आणि सम्पपासून टँकच्या काठापर्यंतची उंचीच १.३ मीटर. उरलं काय? ०.७ मीटर. त्यात पाईपचं घर्षण बसवायचं.

शेतातल्या मोटरचं उदाहरण घ्या, लगेच कळेल. बोअरवर पाच एचपीची मोटर टाकली आणि पुढे दोरीसारखा पाईप जोडला तर बांधावर काय येणार? धार. आमच्या मामांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं. पण ते नंतर. आधी मी व्हायचं ते करून बसलो. ३००० लिटरचा, ६५ वॅटचा पंप मागवला.

लावला. बादली ३६ सेकंदांत भरली. तासाला १००० लिटर. वीज जवळजवळ दुप्पट आणि पाणी दीडपट, बस.

मग पाईप काय खातो?

माझा रिटर्न अर्ध्या इंची होता. नळवाल्या काकांकडे तोच उरलेला होता, म्हणून तोच लागला. दीड मीटर पाईप आणि वाटेत सहा एल्बो, कारण कॅबिनेटच्या मागे जागा नाही, मग इकडून वळव, तिकडून वळव.

आता हिशेब बघा. तासाला १५०० लिटर पाणी १५ मिलीमीटर आतल्या व्यासातून न्यायचं तर ते सेकंदाला जवळपास २.४ मीटर वेगाने पळतं. २५ मिलीमीटरमधून नेलं तर ०.८५ मीटर. आणि घर्षण वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, धडाधड वाढतं. एकाच प्रवाहाला १५ मिमीच्या पाईपमध्ये जेवढं घर्षण होतं, त्याचा साधारण बारावा हिस्सा २५ मिमीच्या पाईपमध्ये होतो. १५०० लिटरच्या प्रवाहाला दीड मीटर अर्ध्या इंची पाईप आणि फक्त चार एल्बो धरले तरी मिळून दीड मीटरच्या वर उंची खाऊन टाकतात. तोच रस्ता एक इंचीचा केला तर वीसेक सेंटीमीटरमध्ये काम होतं.

म्हणजे माझा टँक १.३ मीटर उंचीवर असला, तरी पंपाला तो तीन मीटर उंचीवर असल्यासारखा वाटत होता.

अजून एक गंमत. सीपीव्हीसी, तो पिवळसर गरम पाण्याचा पाईप, तो अर्ध्या इंचीचा घेतला तर आतून जेमतेम १२ मिमी निघतो. कारण त्याचं माप वेगळ्या पद्धतीने चालतं आणि भिंत जाड असते. दुकानात "अर्धा इंच द्या" म्हणू नका. पाईप डोळ्यासमोर धरा, आतून पट्टी लावा.

मी शेवटी पाईप बदलला तेव्हा एक प्रयोग केला, आणि हा प्रयोग या भागातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. नव्या एक इंची पाईपवर आधी जुनाच ३५ वॅटचा पंप लावला. बादली ३३ सेकंदांत. म्हणजे तासाला जवळपास ११०० लिटर. जुना लहान पंप नव्या पाईपवर, नव्या मोठ्या पंपाला जुन्या पाईपवर हरवतो! आणि पाईप, एल्बो, युनियन, सोल्युशन सगळं धरून खर्च त्या पंपाच्या चौथ्या हिश्श्यालाही पोचला नव्हता.

ती रात्र

आता नवतपातली गोष्ट. मोठा पंप, जुना पाईप, अशी अवस्था होती. पाण्याची धार जोरात पडून बुडबुडे व्हायचे, म्हणून मी रिटर्नचं तोंड खाली सरकवलं. आधी पाण्याखाली ३ सेंटीमीटर होतं, ते १० केलं. आणि पंप हवा ओढायला लागला म्हणून सम्पमध्ये पाणी वाढवलं. दोन छोट्या गोष्टी. दोन्ही बिनडोकपणे केलेल्या.

रात्री दोनच्या सुमारास लाईन गेली.

पंप बंद पडला की पाईपमधलं पाणी उलटं फिरतं. तोंड पाण्याखाली असेल तर सायफन लागतो आणि वरचं पाणी त्या तोंडाच्या पातळीपर्यंत खाली उतरतं. माझा टँक १२० बाय ४५, म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला ५.४ लिटर. दहा सेंटीमीटरला ५४ लिटर. सम्पमध्ये जागा होती ३९ लिटरची. उरलेले पंधरा लिटर, एक मोठी बादली, कॅबिनेटमधून फरशीवर. आणि फरशीवर काय होतं? एक्स्टेंशन बोर्ड. तिथेच ठेवलेला, कारण वायर पुरत नव्हती.

लाईन परत आली तेव्हा आई कुलर सुरू करायला उठली होती. अनवाणी. पाण्यात पाय पडला आणि तिला झटका बसला. ती मागे सरकली म्हणून वाचली. मी धावत येऊन मेन स्विच पाडला. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीज वाहून नेतं, हे मी शाळेत शिकलो होतो. शिकून काय उपयोग झाला?

म्हणून पाईपच्याही आधी हे करा: टँकच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा, इलेक्ट्रिशियनकडून, आणि घराला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. बोर्ड भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोक्यातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. आळस नको.

त्या रात्री अजून एक चूक झाली. सांडलेलं पाणी भरून काढायला मी घाबरून साधं आरओ पाणी ओतलं. वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी बरोबर, कारण मीठ मागे राहतं. पण सांडलेल्या पाण्यासोबत मीठही गेलेलं असतं. खारटपणा ३५ वरून ३३ वर आला. क्लाऊनफिशला फरक पडला नाही. श्रिंप दोन दिवसांनी मेला. आता तो त्याच्यामुळे मेला की दुसऱ्या कारणाने, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण पाईप उघडला तेव्हा आत एक पितळी व्हॉल्व्ह सापडला, हिरवा पडलेला. पितळेत तांबं असतं. तांबं माशांना थोडंफार चालतं, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांच्यासाठी विष. तेव्हा पितळ नाही, जीआय नाही, तांबं नाही. स्टीलचे क्लॅम्पसुद्धा खाऱ्या पाण्यात गंजतात, प्लास्टिकचे घ्या.

सांडवा

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवीन वाटू नये खरं तर. मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांनी हाच हिशेब मातीत केला होता. नवेगावबांधला गेलात तर बघा: तलाव किती भरेल हे पाळ ठरवत नाही, सांडवा ठरवतो. पाणी त्याच्या वर गेलं की वाहून जायला वाट पाहिजे, आणि ती वाट येणाऱ्या पाण्यापेक्षा मोठी पाहिजे. नाहीतर पाळ फुटते.

आपल्या टँकचा सांडवा म्हणजे ओव्हरफ्लो आणि खाली जाणारा पाईप. वर चढणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो, खाली उतरणाऱ्यामागे फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणून खाली जाणारा पाईप नेहमी एक माप मोठा. माझा रिटर्न २५ मिमी आहे, उतरणारा ३२. आणि त्याच्या शेजारी दुसरा, तेवढाच, कोरडा. तो एरवी काही करत नाही. पहिल्यात गोगलगाय अडकली तर तो कामाला येतो. माझ्याकडे एकदा आलाय.

टँकला भोक नसेल तर पाडता येतं, डायमंड होल-सॉने, पाणी सोडत सोडत, घाई न करता. पण काच टफन्ड असेल तर हात लावू नका, अख्खी काच खड्यांसारखी विखुरते. बऱ्याच टँकची तळाची काच टफन्ड असते. ज्याने टँक बनवला त्याला विचारा.

आता सायफनचा बंदोबस्त. रिटर्नचं तोंड पाण्याखाली जेमतेम दोन सेंटीमीटर. शिवाय पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली पाईपला एक बारीक भोक, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, काडीने साफ करत राहायचं. कुणी सांगेल नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. लावा हवं तर, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. त्याच्या झडपेवर चुना आणि शेवाळ बसतं आणि नेमकी वेळ आली की ती बंद होत नाही.

आणि ही खूण करा: पंप बंद करून सगळं पाणी खाली उतरू द्या. मग सम्प काठापासून चार बोटं खालपर्यंत भरा. आता पंप सुरू करा. पाणी जिथे स्थिरावेल तिथे मार्करने रेघ. चालू पंपात त्या रेघेच्या वर कधीही पाणी टाकायचं नाही. एवढी एक रेघ माझ्या सम्पवर असती तर आईला झटका बसला नसता.

जोडणी

मामा आले होते मदतीला. त्यांच्या शेतात आयुष्यभर पीव्हीसी जोडलंय त्यांनी. पहिलं वाक्य: "आधी कोरडं जोड, मग चिकटव." सगळे तुकडे सोल्युशन न लावता जुळवले, पेनाने खुणा केल्या, कोणता एल्बो कुठल्या दिशेला ते लिहिलं. सहा नव्वदच्या एल्बोंपैकी तीनच उरले. दोन ठिकाणी पंचेचाळीसचे जोडे टाकले आणि शेवटचा फूटभर लवचिक सिलिकॉनचा पाईप, त्यामुळे पंपाची घरघर कॅबिनेटला लागत नाही.

कापलेल्या तोंडाचा किस आतून-बाहेरून चाकूने काढायचा, नाहीतर तोच पंपात जातो. सोल्युशन दोन्ही बाजूंना, घुसवून पाव वळसा, अर्धा मिनिट धरून ठेवायचं. खिडकी उघडी ठेवा, तो वास डोक्यात जातो. मग २४ तास हात लावायचा नाही, आणि मासे असलेल्या पाण्याला जोडण्याआधी साध्या पाण्याने धुवून, गळती बघून घ्यायची. आट्यांवर टेफ्लॉन टेप.

पंपाच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला युनियन लावा. हे मी आधी केलं नव्हतं, म्हणून पंप साफ करायला दरवेळी करवत लागायची! प्रवाह कमी करायचा असेल तर बॉल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे. पाणी ओढणाऱ्या बाजूला कधीच गळा आवळायचा नाही.

ते २४ तास माशांचं काय? वरच्या टँकमध्ये वेव्हमेकर आणि एअर स्टोन चालू ठेवला. सम्पमधले दगड आणि स्पंज मात्र बादलीत, टँकच्याच पाण्यात, एअर स्टोन लावून ठेवले. ते थांबलेल्या पाण्यात राहिले तर त्यातले बॅक्टेरिया मरतात, पाणी कुजतं आणि दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला की ते सगळं वर. साचलेलं पाणी फेकून द्या, नवं खारं पाणी कालवा.

ऊन आणि इन्व्हर्टर

पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो, त्याची जवळपास सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. माझा ६५ वॅटचा पंप दिवसाला १.५६ युनिट. अडीचशे लिटर पाण्यातून उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर एका दिवसात साडेपाच अंश वाढतील. प्रत्यक्षात तेवढं वाढत नाही, वाफेने आणि काचेतून जातं. पण मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, जाणार कुठे? माझं पाणी ३१ वर गेलं होतं, आणि प्रवाळांना २५ ते २७ लागतं.

म्हणून शेवटी डीसी पंप घेतला, २४ व्होल्टचा, २५ वॅटच्या आसपास. एक इंची पाईपवर पूर्ण वेगात तो १८०० देतो, मी वेग कमी करून १५०० वर ठेवलाय. तासाला आठ फेऱ्या. खरं सांगू? जुन्या पंपाच्या ११०० वरही टँक मजेत चालला असता. रिटर्नचं काम पाणी सम्पमधून फिरवणं एवढंच, टँकमधल्या लाटा वेव्हमेकरने करायच्या. वीज जाणं आणि ऊन, या दोन कारणांसाठीच मी डीसीचा खर्च केला. पाण्यावर दोन छोटे पंखे लावलेत. कुलरचंच तत्त्व, मेच्या कोरड्या हवेत झकास चालतं. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि पंख्यांचा जोर कमी होतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. पंख्यांनी पाणी जास्त उडतं, रोज आरओ पाणी टाकावं लागतं. गोडं. आता विसरत नाही.

आमगावच्या एका श्रोत्याने विचारलंय, इन्व्हर्टरवर साधा एसी पंप चालतो का. चालतो. पण इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंप गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्ह असेल तर अडचण नाही. १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची म्हटली तरी २५ वॅटचा पंप एक दिवस सहज काढतो. बॅटरी नसेल तर निदान सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. लाईन गेल्यावर मासे आधी प्राणवायूला मुकतात, फिल्टरचं नंतर बघता येतं.

अजून एक प्रश्न बरेचदा येतो, प्रवाळ कुठून आणायचे. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कुणी "रामेश्वरमहून आणलाय, स्वस्तात देतो" म्हणाला तर नाही म्हणा. क्लाऊनफिश मात्र टँकमध्येच जन्मलेले मिळतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच त्यांचं प्रजनन करून दाखवलंय. विकणाऱ्याला विचारून तेच घ्या.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर यात तासभर बुडवतो. इम्पेलरवरचा चुना सुटतो. मग बादली आणि स्टॉपवॉच. सध्या २४ सेकंद आहे. २८ झाले की समजतो, पंप उघडायची वेळ आली. आईही आता त्या खोलीत येते, फक्त चप्पल घालून.

तुमची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा आणि पाईपच्या आतल्या मापासकट कळवा. पुढच्या भागात आरओच्या पाण्याबद्दल बोलू, बोअरचं पाणी त्या मेम्ब्रेनचं काय करतं ते. भेटू.